कोलरिजचं 'बायोग्राफिया लिटरारिया': कुठून धरावं, कुठे सोडावं?

टिपणवही
रोमँटिक कवितेबद्दल तिच्याच एका कर्त्याने लिहिलेलं, आणि तेही स्वतःच्या आयुष्याच्या दोरीवर वाळत घातलेलं पुस्तक म्हणजे सॅम्युएल टेलर कोलरिजचं 'बायोग्राफिया लिटरारिया'. साल १८१७, दोन खंड, २४ प्रकरणं. उपशीर्षकाचा अर्थ साधारण असा: 'माझ्या वाङ्मयीन आयुष्याची आणि मतांची चरित्रात्मक रेखाटनं'.

वाचणारे पहिली चार प्रकरणं उत्साहाने वाचतात. पाचव्यात हार्टलीचा साहचर्यवाद, म्हणजे एका कल्पनेला लागून दुसरी कशी येते याचं तत्त्वज्ञान, सुरू होतं आणि पुस्तक मिटतं ते मिटतंच. म्हणून माझं मत असं की हे पुस्तक क्रमाने वाचू नये. आधी १४वं प्रकरण, मग १७ ते २०, मग २२. त्यानंतर मागे येऊन १, ४, १० आणि १३. पाच ते नऊ आणि बारा अगदी शेवटी, दम उरला तर.

दोन प्रश्न आहेत. हा क्रम कुणाला चुकीचा वाटतो का? आणि याला आत्मचरित्र म्हणायचं की समीक्षा?

पानगळ
चौदापासून सुरुवात करण्याला एक भक्कम आधार आहे, तो तुम्ही दिला नाहीत. मूळ आवृत्तीत पहिला खंड तेराव्याशी संपतो आणि दुसरा चौदाव्याने उघडतो. म्हणजे तुम्ही सांगताय ते एवढंच, की दुसरा खंड आधी घ्या.

पण पहिलं प्रकरण मागे टाकू नका. खाईस्ट्स हॉस्पिटल शाळेतले जेम्स बॉयर मास्तर तिथेच भेटतात. पोराने निबंधात 'लायर' किंवा 'हार्प' लिहिलं की मास्तर गरजायचे, शाई-बोरू म्हण की! 'म्यूझ' लिहिलं की, दाईची पोर म्हणायचंय का तुला? आणि काव्यदेवतांचा पिएरियन झरा आला की, हं, म्हणजे आपल्या शाळेतला पंप! कोलरिजचा कवीमित्र वर्डस्वर्थ याच्या 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाच्या १८००च्या प्रस्तावनेत ठराविक काव्यभाषेवर जो हल्ला आहे, त्याची पहिली तालीम या वर्गात झालेली दिसते. बॉयर मास्तर कळले की सतराव्यातला वर्डस्वर्थशी काव्यभाषेवरचा वाद अर्धा कळतो. मग ते प्रकरण नंतर कशाला?

शाईचा_डाग
दाईची पोर! हे मास्तर हल्ली असते तर कवितांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पहिल्याच दिवशी काढले गेले असते.

पानगळ
वर दुरुस्ती: 'क्राइस्ट्स हॉस्पिटल'. बोट घसरलं. ही शाळा होती, इस्पितळ नव्हे, हेही सांगून ठेवते. नोट्समध्ये 'कोलरिज लहानपणी रुग्णालयात होता' असं छापलेलं आढळतं.

खडूफळा
पुस्तकाची घडण माहीत असली की काय वगळायचं ते आपोआप ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८१५ साली वर्डस्वर्थने आपल्या कविता नव्या प्रस्तावनेसह छापल्या आणि तीत फॅन्सी व इमॅजिनेशन (कल्पनाशक्ती) यांबद्दल लिहिलं. कोलरिजला ते पटलं नाही. त्याला स्वतःच्या कवितासंग्रहाला, म्हणजे 'सिबिलाइन लीव्ह्‌ज'ला, फक्त एक प्रस्तावना जोडायची होती. विल्टशरमधल्या काल्न गावी तो मित्र जॉन मॉर्गनला मजकूर सांगत गेला, मॉर्गन उतरवून घेत गेला, आणि प्रस्तावनेचा ग्रंथ झाला. वाक्यं लांब, मध्येच वळणारी, 'असो, मूळ मुद्दा असा' म्हणत परतणारी का आहेत, तर ती बोललेली आहेत. मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचली तर लवकर सुटतात.

पुढची गोम छापखान्यातली. ब्रिस्टलला एका खंडाचं काम सुरू झालं. मजकूर फुगत गेला तेव्हा दोन खंड करायचं ठरलं आणि तेराव्यानंतर तोडलं. मग हिशेब केला तर दुसरा खंड पहिल्यापुढे किरकोळ दिसणार! तो भरायला दोन गोष्टी घातल्या. एक, 'सॅटिरेनची पत्रं', म्हणजे १७९८च्या जर्मनी प्रवासातला मजकूर, जो १८०९ साली त्याच्याच 'द फ्रेंड' नियतकालिकात येऊन गेला होता. दोन, मॅच्युरिनच्या 'बर्ट्रम' नाटकावरची टीका, जी १८१६ साली वर्तमानपत्रात आलेली होती. यातलं दुसरं म्हणजे तेविसावं प्रकरण. मधल्या काळात छापणाऱ्यांशी बिनसलं आणि शेवटी पुस्तक लंडनच्या रेस्ट फेनरकडून निघालं.

तात्पर्य, 'बर्ट्रम' आणि सॅटिरेन निर्धास्त सोडा. सिद्धान्ताचा एकही दुवा तुटत नाही.

चावडीवरचा
थोडक्यात, दिवाळी अंकात जाहिरात आली नाही म्हणून शेवटी जुना प्रवासलेख लावतात, तसं.

उंबरठा
घडण सांगितलीत ते बरं झालं, पण तेराव्याला तुम्ही सगळे फार हळुवार हाताळताय. तिथे चक्क फसवणूक आहे. प्रकरणाचं नाव कल्पनाशक्तीवर. बारा प्रकरणं वाचकाला सांगितलं, थांबा, मुख्य गोष्ट येतेय. तेरावं सुरू झालं, कांट आला, शेलिंग आला, म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ आले, आणि ऐन मोक्याला मजकूर तोडून एका 'मित्राचं' पत्र छापलं. मित्र म्हणतो, हे प्रकरण छापलं तर शंभर पानांच्या खाली येणार नाही, वाचकाला झेपणार नाही, पुढच्या मोठ्या ग्रंथासाठी राखून ठेव. ते पत्र कोलरिजनेच लिहिलेलं होतं, आणि १८१७च्या एका पत्रात त्याने ते कबूलही केलं. तो मोठा ग्रंथ कधी आला नाही. उरले ते शेवटचे दोन परिच्छेद.

टिपणवही
@उंबरठा, पण त्या दोन परिच्छेदांवर जग आजवर लिहितंय. सोपं करून मांडतो.

प्राथमिक कल्पनाशक्ती: आपण बघतो, ऐकतो, तेव्हा मन फक्त ठसे घेत नाही, जग घडवतं. ही सगळ्यांकडे असते.
दुय्यम कल्पनाशक्ती: तीच शक्ती, पण जाणीवपूर्वक इच्छेसह चालणारी. समोरचं विरघळवते, पसरवते, विखुरते, ते पुन्हा निर्माण करण्यासाठी. ही कवीची.
फॅन्सी: हिच्याकडे तयार, पक्के तुकडे असतात. ती फक्त त्यांची जागा बदलते. स्मृतीचाच एक प्रकार, स्थळकाळाच्या क्रमातून सुटलेला.

उत्तरपत्रिकेत चूक होते ती पहिल्या दोघींत. 'प्राथमिक म्हणजे कमी दर्जाची' असं लिहिलं जातं. दोघी जातीने एकच आहेत, फरक प्रमाणाचा आणि काम करण्याच्या रीतीचा. जातीचा फरक आहे तो फॅन्सीशी.

सावळी
व्याख्या पाठ होतात, पण उदाहरणाशिवाय लक्षात राहत नाहीत. ती चौथ्या प्रकरणात आहेत, म्हणून चौथं आणि तेरावं जोडून वाचावं.

फॅन्सीसाठी तो नाटककार ऑटवेची ओळ देतो: ल्यूट, शेवंड (लॉब्स्टर), दुधाचे समुद्र आणि अंबराची जहाजं. चार वस्तू शेजारी ठेवल्या आहेत, एकीने दुसरीला स्पर्शही केलेला नाही. इमॅजिनेशनसाठी 'किंग लिअर'. वादळात लिअरला वेड्याच्या सोंगातला एडगर दिसतो. तो विचारतो, काय, पोरींनीच याची ही दशा केली? एडगरला मुली नाहीतच. लिअरच्या दुःखाने समोरच्या माणसाचं सगळं रूप आपल्या रंगात बुडवून घेतलंय. विरघळवून पुन्हा घडवणं म्हणतात ते हे.

गंमत अशी की ऑटवेच्या नाटकात शेवंड नाहीच, तिथे 'लॉरेल' आहे. कोलरिजने आठवणीतून लिहिलं आणि झाडाच्या पानांचं जलचर झालं.

शाईचा_डाग
शेवंडीमुळे ओळ सुधारली असं माझं ठाम मत आहे.

चावडीवरचा
मालवणकडचे सभासद जागे झाले वाटतं.

खडूफळा
@सावळी, फॅन्सीला मराठी शब्द टाळलात ते लक्षात आलं. :) पुस्तकांत 'चमत्कृतिशक्ती' चालतो.

सावळी
मुद्दाम टाळला. आपल्या काव्यशास्त्रात 'चमत्कार' ही कमअस्सल गोष्ट नाही. जगन्नाथ पंडित रमणीयतेची फोड लोकोत्तर आह्लादाने करतो आणि चमत्कारत्व हे त्याचंच दुसरं नाव सांगतो. म्हणजे जो शब्द तिथे शिखरावर आहे तो इथे पायथ्याला आणून बसवायचा. साहित्यशास्त्राच्या एकाच पेपरात दोन्ही येतात आणि मुलं गोंधळतात. 'जुळवणी' किंवा 'जोडकाम' म्हटलं तरी चालेल, निदान अर्थ उलटत नाही.

उंबरठा
आणि इमॅजिनेशनला 'प्रतिभा'?

सावळी
अर्धंच जुळतं. 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता' यात नवं स्फुरत राहणं आहे. कोलरिजचा जोर विरोधी गोष्टी एकत्र सांधण्यावर आहे: सामान्य आणि विशिष्ट, नवं आणि परिचित, भावनेचा आवेग आणि विवेकाचं भान. ही यादी चौदाव्याच्या शेवटी आहे. त्यासाठी त्याने दहाव्यात ग्रीकवरून 'एसेम्प्लास्टिक' असा शब्दच पाडला, अर्थ 'एकात घडवणारी'. 'प्रतिभा' वापरायचाच असेल तर एवढी टीप जोडून वापरा.

चौदाव्यातली दुसरी प्रसिद्ध गोष्ट, अविश्वास आपणहून क्षणभर बाजूला ठेवणं, तिचा मात्र आपल्याकडे जवळचा नातेवाईक आहे. रसशास्त्राचा आचार्य अभिनवगुप्त रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगतो, त्यातलं पहिलंच 'संभावनाविरह', म्हणजे हे घडू शकतं असं प्रेक्षकाला न वाटणं. तपशील जुळत नाहीत, कोलरिज वाचकाच्या इच्छेवर भर देतो आणि अभिनव अडथळा दूर करण्यावर. पण प्रश्न एकच.

चोखंदळ
सगळे शेलिंगला वळसा घालून चाललेत. बाराव्यातले दहा सिद्धान्त आणि आजूबाजूची पानं शेलिंगच्या १८००च्या 'सिस्टिम' या ग्रंथातून आणि त्याच्या इतर लेखनातून आली आहेत, कुठे सारांशाने, कुठे चक्क भाषांतराने. डी क्विन्सीने १८३४ साली, कोलरिज गेला त्याच वर्षी, हे टेट्स मॅगझिनमध्ये चव्हाट्यावर आणलं. १८४०मध्ये फेरिअरने ब्लॅकवुड्‌समध्ये उतारे लावून दाखवले. कोलरिजची मुलगी सारा हिने १८४७च्या आवृत्तीत मूळ जर्मन जागा स्वतः शोधून टिपांत दिल्या. बापाची वकिली करताना पुरावा लपवला नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सरळ काम वाटतं.

टिपणवही
नवव्यात त्याने शेलिंगचं ऋण मानलंय की.

चोखंदळ
मानलंय आणि नाहीही. म्हणतो, विचार जुळले ते माझे मला आधीच सुचले होते, आणि पुढे शेलिंगशी जुळणारं काही आढळलं तर श्रेय त्याला द्या. वर पुस्ती जोडतो की सत्य हे दैवी शब्दभ्रमकार आहे, आवाज कुणाच्या तोंडून येतो याची मला पर्वा नाही, शब्द नीट ऐकू आले म्हणजे झालं. पावती न देता माल उचलायचा आणि दुकानाचं नाव कौतुकाने घ्यायचं, असा हा प्रकार.

वाचकासाठी व्यवहारी सूचना: बाराव्यातलं कुठलंही वाक्य 'कोलरिज म्हणतो' असं उद्धृत करण्याआधी टिपांची आवृत्ती बघा. वर्डस्वर्थच्या कवितेवर बोट ठेवून तो बोलतो त्या पानांवर हे ओझं नाही.

पानगळ
बाराव्याबद्दल एक सांगायलाच हवं. त्याचं शीर्षकच 'पुढचं प्रकरण वाचावं की वगळावं याबद्दल विनंत्या' अशा अर्थाचं आहे. लेखक म्हणतो, एकतर पूर्ण सोडा, नाहीतर सलग पूर्ण वाचा. तेव्हा टिपणवहींच्या वगळण्याला लेखकाची लेखी परवानगी आहे, चाळण्याला मात्र नाही.

नदीकाठ
अवांतर करतोय, पण अठराव्याबद्दल कुणीच बोललं नाही. छंदावर इतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलंय. आवेग उसळतो आणि मन त्याला आपणहून आवरू पाहतं, या ओढाताणीच्या समतोलातून छंद जन्मतो, असं तो मानतो. म्हणून छंदात लिहायचं तर भाषेतही तेवढा आवेग हवा. छंद ठेवून भाषा बाजारहाटाची ठेवली तर काय होतं? अंधारात जिना उतरताना तीन-चार पायऱ्यांच्या उडीसाठी पाय तयार ठेवावेत आणि ती शेवटचीच पायरी निघावी, तसा हिसका बसतो.

शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षराशी शब्द संपला नाही तर जीभ अडखळते, तो याचा चुलतभाऊ. यती म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा; यतिभंगाचे नियम आपल्याकडे बारकाईने आहेत, पण यती मोडला की ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचं काय होतं, ते कोलरिज सांगतो.

दुसरी उपमा: छंद म्हणजे विरजण. नुसतं खायला निरुपयोगी, पण योग्य प्रमाणात पडलं की सगळ्यात जान येते.

सावळी
यीस्ट म्हणतो तो, मद्यातलं. विरजण नुसतं खाता येतं, ते दहीच असतं. 'खमीर' म्हणा, नाहीतर उपमाच नासली.

नदीकाठ
मान्य. खमीर.

शाईचा_डाग
शेवंड, विरजण, खमीर. पाककृती विभागात हलवा हा धागा.

खडूफळा
बाविसाव्याकडे येऊ. माझ्या मते पुस्तकाचं काळीज ते. वर्डस्वर्थचे पाच दोष, मग सहा गुण, प्रत्येकाला ओळींचा पुरावा. दोष असे: शैली मध्येच खाली घसरणं, नको इतका तपशील, नाट्यरूपाचा अनाठायी सोस, पाल्हाळ आणि पुनरुक्ती, आणि पाचवा, विषयाच्या मानाने विचार व प्रतिमा फार मोठ्या होणं.

पाचव्याचं उदाहरण आपल्या शाळेत पाठ झालेलं आहे, 'डॅफोडिल्स'. एकांताचं सुख असलेल्या अंतश्चक्षूवर ती फुलं चमकून जातात, इथवर कोलरिज म्हणतो की हे शब्द माणसाने आपलं सगळं आयुष्य आठवावं तेव्हाचे आहेत. मग लगेच 'माझं हृदय आनंदाने भरतं आणि डॅफोडिल्ससह नाचतं'. तो म्हणतो, आपण धाडकन खाली येतो, जवळजवळ विडंबनात. मोजमाप बघा: तो कविता वाईट म्हणत नाही, दोन ओळी उचलतो, पुढच्या दोन शेजारी ठेवतो आणि उंचीतला फरक दाखवतो. समीक्षा कशी करावी याचा धडा एवढ्याशा जागेत आहे.

पानगळ
त्याला कळस असा, की अंतश्चक्षूच्या त्या दोन ओळी वर्डस्वर्थच्या नाहीतच. त्यानेच पुढे सांगून ठेवलंय की यातल्या सर्वांत चांगल्या दोन ओळी पत्नी मेरीच्या. म्हणजे कोलरिजला शिवण दिसली ती खरोखरच दोन हातांची होती.

उंबरठा
हे भारी आहे. तेराव्याबद्दलचा राग निम्मा उतरला.

आणि सतराव्यात वर्डस्वर्थच्या 'द थॉर्न' कवितेतलं ते डबकं आहेच. 'बाजूबाजूने मोजलं मी, तीन फूट लांब, दोन फूट रुंद.' टीकेनंतर १८२०च्या आवृत्तीत वर्डस्वर्थने ती ओळ बदलली. लेखी समीक्षेने फूटपट्टी काढून घेतल्याचं उदाहरण.

नदीकाठ
मला ती फूटपट्टी आवडायची. ती ओळ बोलणारा निवृत्त जहाज-कप्तान आहे, असं वर्डस्वर्थने टिपेत सांगितलं होतं. असा माणूस मोजणारच.

उंबरठा
कोलरिजचं उत्तर त्याच प्रकरणात आहे: कंटाळवाण्या, बडबड्या माणसाचं बोलणं हुबेहूब उतरवायचं तर आपणही कंटाळवाणं झाल्यावाचून ते जमत नाही.

टिपणवही
माझा दुसरा प्रश्न वाऱ्यावर राहिला, तो मीच पुन्हा आणतो. पंधराव्यात शेक्सपिअरच्या 'व्हीनस अँड अडोनिस'वरून कवीच्या शक्तीची चार लक्षणं दिली आहेत. दुसरं लक्षण: लेखकाच्या खाजगी हितसंबंधांपासून आणि परिस्थितीपासून फार दूरचा विषय निवडणं. स्वतःच्या शाळेपासून सुरू झालेल्या, उपशीर्षकात 'माझ्या आयुष्याची' म्हणणाऱ्या पुस्तकात हे! आत्मचरित्र लिहिणाराच सांगतोय की स्वानुभव जवळ ठेवणं हे मोठ्या कवीचं लक्षण नव्हे. हा अंतर्विरोध नाही का?

सावळी
मला नाही वाटत. आयुष्यातलं त्याने काय घेतलं ते पाहा. लग्न नाही, अफू नाही, वर्डस्वर्थशी १८१०मध्ये झालेला दुरावा नाही. बोल्स या कवीची सुनीतं मात्र आहेत: सतराव्या वर्षी हाती आली, विकत घेऊन वाटायला पैसे नव्हते, म्हणून दीड वर्षाच्या आत चाळिसाहून जास्त नकला स्वतःच्या हाताने उतरून मित्रांना दिल्या. वाचक म्हणून झालेला अनुभव तेवढा ठेवला, माणूस म्हणून झालेला बाहेर. हे वाचनाचं आत्मचरित्र आहे. खाजगी कोलरिज हवा असेल तर त्याच्या वह्या वाचाव्यात.

चोखंदळ
बाहेर ठेवलेलं इतकं सोयीचं आहे की मी त्याला तत्त्व म्हणणार नाही. पण 'वाचनाचं आत्मचरित्र' घेतो. त्याच्या जोडीला वर्डस्वर्थचं 'प्रिल्यूड', म्हणजे त्याचं आत्मचरित्रपर दीर्घकाव्य, ठेवा. ते कोलरिजलाच उद्देशून आहे, १८०७च्या जानेवारीत त्याने ते कवीच्या तोंडून ऐकलं होतं, पण छापून आलं १८५०मध्ये. म्हणजे बाविसावं प्रकरण लिहिताना मित्राची सर्वांत मोठी कविता त्याला ठाऊक होती, वाचकांना नव्हती.

कोरा_कागद
सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. आता सरळ सांगा, प्रत कुठली घेऊ आणि आधी काय वाचू?

खडूफळा
अभ्यासासाठी एंगेल आणि बेट यांची १८८३... चुकलो, १९८३ची प्रिन्स्टनची. शेलिंगच्या जागा त्याच पानाखाली टिपांत मिळतात. महाग आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघा. जुनी शॉक्रॉसची १९०७चीही कामाची. नुसता मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट आहे, पण त्यावरून बाराव्याबद्दल काही लिहू नका, कारण चोखंदळांनी वर सांगितलंच आहे.

टिपणवही
पानगळ यांचं ऐकून क्रम बदलतो: १, ४, १४, १५, १७ ते २०, २२, मग १३ची शेवटची दोन पानं, मग १०. सोबत 'लिरिकल बॅलड्स'ची १८०२ची प्रस्तावना उघडी हवी, नाहीतर १७वं म्हणजे फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं.

कोरा_कागद
दहावं शेवटी का? आणि गुटेनबर्गची फाईल छापून घेतली तर चालेल ना?

पानगळ
दहाव्यात त्याच्या 'वॉचमन' नियतकालिकाची कथा आहे, १७९६ची. मुद्रांक कर चुकवायला दर आठव्या दिवशी काढायचा, बत्तीस पानं, किंमत चार पेनी. दहा अंकांत बंद. एके दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर उठतो तर मोलकरीण शेगडी पेटवायला कागदांचा ढीग कोंबतेय. एवढी उधळपट्टी कशाला, असं त्याने म्हटल्यावर ती उत्तरते, अहो साहेब, हे नुसते 'वॉचमन'च आहेत.

तेव्हा छापून घ्या, पण घरात बंब असेल तर त्यापासून लांब ठेवा.